भट्टीची सुट्टी

मी भट्टी बोलतेय. पावाची भट्टी. आज माझ्याकडे पाहून तुम्हाला खरं वाटणार नाही, कारण तोंडावरचं लोखंडी झाकण गंजून एका बाजूला लटकलंय आणि पोटात पुठ्ठ्याची खोकी भरलीत. पण एके काळी अख्ख्या पेठेची सकाळ माझ्या पोटातून बाहेर पडायची. थोडी फुशारकी मारतेय, मला कळतं. म्हातारी माणसं मारतात तेव्हा तुम्ही हसून सोडून देता, तसंच मलाही सोडून द्या.

मात्र मी सांगणार आहे ती गोष्ट पावाची नाही, सुट्टीची आहे. आठवड्याची सुट्टी तुम्हाला आयती मिळाली, म्हणून तुम्हाला वाटतं की ती सूर्यचंद्रासारखी पहिल्यापासून होतीच. नव्हती हो. ती आली तेव्हा मी इथेच होते. आणि आमच्या बेकरीत ती ज्याच्या वाट्याला सगळ्यात शेवटी आली, तो माझा माणूस होता.

मला एका अबोल गवंड्याने बांधलं. प्रत्येक वीट तो हातात घ्यायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा, आणि आवाज बद्द आला की मुकाट्याने बाजूला टाकायचा. माझ्या पोटाखाली त्याने वाळू पसरली, वाळूवर जाडं मीठ, मिठावर फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि त्यावर फरशी. थोरल्या मालकांना वाटलं, हा गडी कुठलं तरी भंगार आपल्या गळ्यात मारतोय. पण त्या काचांनी आणि मिठानेच पुढे जन्मभर माझी ऊब धरून ठेवली.

हत्यारं पिशवीत भरताना गवंडी मालकांना म्हणाला, "ओली आहे तोवर हिला विझू देऊ नका. महिनाभर मंद जाळ ठेवा, नाहीतर तडा जाईल. एकदा वाळली की मग काळजी नाही. दिवसभर विझली तरी दुसऱ्या दिवशी आत हात घालवणार नाही."

मालकांनी सगळं ऐकलं, मान हलवली, त्याला निरोप दिला. पण माणसाची आठवण मोठी सोयीची असते. वर्ष उलटलं तसं त्यांनी गवंड्याच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य जपून ठेवलं आणि शेवटची दोन वाऱ्यावर सोडली. माझा महिना कधीच भरला नाही. "हिला विझू द्यायचं नाही, तडा जाईल," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, मुलालाही सांगून गेले. मुलगा म्हणजे आमचे धाकटे मालक. बापाचा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ.

त्यामुळे माझ्या डाव्या कोपऱ्यात निखारे कायम धुमसत असत. त्या बाजूचे पाव नेहमी करपायचे. ते विकले जात नसत, म्हणून कामगार घरी न्यायचे. त्यांच्या मुलांना पाव म्हणजे एका बाजूने काळा असतो, असंच वाटायचं.

मी विझायची नाही म्हणून माणसंही थांबायची नाहीत. पेठ झोपली की हे लोक उठणार, पेठ उठली की हे पिठाच्या पोत्यांवर आडवे होणार, आणि डोळा लागतोय तोच दुपारच्या पावांची वेळ. आज कुठला वार आहे, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या कपड्यांवरून कळायचं. इस्त्रीचे कपडे घालून बायकामुलांसह कोणी पाव घ्यायला आला, की आमचा एखादा म्हणायचा, अरे, आज रविवार दिसतोय. मग पुन्हा कणकेत हात.

अशातच माझ्याकडे एक तरुण आला. सरपण घालणं, निखारे सारणं, ओल्या फडक्याने फरशी पुसणं, लांब दांड्याच्या फावड्याने पाव आत सोडणं आणि बाहेर काढणं, हे सगळं त्याचं काम. त्याला सवय फुंकर घालायची. जाळाला फुंकर, चहाला फुंकर, बोट भाजलं तर फुंकर, आणि एकदा कोणाची बायको माहेरी निघून गेल्याचं ऐकलं तेव्हाही बिचाऱ्याने नुसती फुंकरच सोडली. तेव्हापासून सगळे त्याला फुंकरच म्हणू लागले.

फुंकरचं माझ्यावर फार प्रेम. उगाच सांगत नाही. आत हात न घालता, नुसता गाल माझ्या तोंडाशी आणून तो माझा ताप ओळखायचा. मला पडसं झाल्यासारखा माझा धूर जरा घुसमटला, तरी त्याला अन्न गोड लागायचं नाही. लग्न झालं तेव्हा बायकोला घेऊन तो आधी मला दाखवायला आला. ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "ही होय माझी सवत."

पहिल्या वर्षी ती हे हसून म्हणायची. नंतर नंतर हसू कमी होत गेलं. नवरा घरी यायचा तो झोपायला आणि जागा व्हायचा तो निघायला. पुढे त्यांना मुलगी झाली, आणि भट्टीवाल्याच्या घरात होतं ते तिच्याही वाट्याला आलं. दिवसा बाप झोपलेला, म्हणून घरात मोठ्याने बोलायचं नाही. भांडी हळू ठेवायची, दार हळू लावायचं, हसायचं तर तोंडावर हात ठेवून. ती पोर चालायला लागली तीच चवड्यांवर. दुपारी बापाचा डबा घेऊन यायची तेव्हा इतकं हळू बोलायची, की धाकटे मालक गल्ल्यावरून विचारायचे, "काय म्हणते गं? पाव हवाय का?" ती मान हलवायची आणि पळून जायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, पोर हुशार आहे, पण तिचं उत्तर पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही.

मग वारं बदललं. पलीकडच्या रस्त्यावरच्या विणकरांनी आधी काम थांबवलं, मग छापखान्यातल्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांनी. आमच्या दारावरून मोर्चे जायला लागले. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आमचे स्वतःचे, असं ते ओरडत जायचे. आमची माणसं पिठाचे हात घेऊन दारात उभी राहायची. त्यांना पहिले आठ तास कळले, दुसरे आठही कळले. तिसऱ्या आठांचं करतात काय, यावर मात्र त्यांच्यात बराच वाद झाला.

कणीक मळणाऱ्यांत एक दांडगा गडी होता, त्याला पैलवान म्हणायचे. तो सगळ्यांना घेऊन मालकांपुढे उभा राहिला. निदान आठवड्यातून एक दिवस द्या, म्हणाला. मालक वाईट नव्हते. स्वतःही कधी घरी जेवायला गेलेले मी पाहिले नाहीत, गल्ल्यावरच दोन घास खायचे. ते शांतपणे म्हणाले, "भट्टीला सुट्टी नसते. मग भट्टीच्या माणसाला कुठून असेल? ती विझली, फुटली, तर तुम्हीही घरी आणि मीही घरी." आणि त्यांनी फुंकरकडे पाहिलं. फुंकर म्हणाला, मालक खरं बोलतायत.

मी आतून किती तळमळले म्हणून सांगू. एकदा वाळली की काळजी नाही, हे गवंड्याचे शब्द ऐकलेली आता मी एकटीच उरले होते, आणि मला जीभ नव्हती. माझी ढाल करून ही माणसं एकमेकांना अडवत होती, आणि मला विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

पैलवानाने संप केला. आमच्या बेकरीच्या त्या पहिल्या संपाची गोष्ट आजही आठवली की माझ्या विटा खदखदतात. सगळे बाहेर पायरीवर जाऊन बसले, पण कणीक मळून झाल्यावर. सवयीने आधी हातातलं काम संपवलं आणि मग संपावर गेले. आत लाकडी हौदात कणीक फुगायला लागली. कणकेला संप कुठला कळतोय? तिने वरची फळी उचलली, काठावरून खाली उतरली आणि जमिनीवरून दाराकडे निघाली. पैलवान दारातून ते पाहत होता. त्याने तोंड फिरवलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवलं. शेवटी त्याला राहवलं नाही. "एवढी आवरतो आणि येतो," म्हणून आत शिरला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. तासाभरात पाव माझ्या पोटात होते. दुसऱ्या वेळी मात्र ते शहाणे झाले, पीठ चाळायच्या आधीच उठले, आणि तो संप टिकला.

या सगळ्यात फुंकर माझ्यापाशीच बसून होता. तुमचा संप, या बिचारीने काय घोडं मारलंय, असं म्हणून तो मला सरपण घालत राहिला. लोक त्याला मालकाचा चमचा म्हणाले. शब्द त्याला लागला. पण त्याची खरंच अशी समजूत होती, की मला तडा गेला तर बेकरीतल्या सगळ्यांच्या घरच्या चुली विझतील आणि ते पाप त्याच्या माथी येईल.

शेवटी कायदा आला. एकट्या आमच्या पायरीवर बसून तो आला नसता. विणकर, छापखानेवाले, दुकानांतले नोकर, गाडीवान, सगळ्यांनी मिळून तो ओढून आणला. कामाचे तास ठरले. रात्रीच्या कामाला लगाम बसला आणि पाव पहाटेपासून भाजायचे ठरले. आठवड्यातून एक दिवस, रविवार, बेकरी बंद. तो कागद मालकांनी भिंतीवर लावला तेव्हा आमच्यातल्या एकालाही वाचता येत नव्हतं, पण सगळे बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

कायद्याबरोबर तपासणीला एक साहेब यायला लागले. ऊन असो, पाऊस असो, बगलेत छत्री, म्हणून ते छत्रीसाहेब. मालकांनी त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं आणि हात जोडून सांगितलं, साहेब, ही एक दिवस विझली तर फुटेल. छत्रीसाहेबांनी छत्रीच्या टोकाने माझ्या भिंतीला हळूच टोचून पाहिलं. भट्टीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही असं म्हणणं त्यांच्या खुर्चीला शोभलं नसतं. त्यांनी परवानगी दिली की रविवारी जाळ राखायला एक माणूस ठेवावा.

एक माणूस म्हणजे कोण, हे विचारावंच लागलं नाही.

पुढच्या रविवारपासून असं व्हायला लागलं. सगळी बेकरी रिकामी, हौद पालथे घातलेले, फावडी भिंतीला टेकवलेली, आणि माझ्यासमोर उलट्या डब्यावर फुंकर एकटा. तो माझ्याशी गप्पा मारायचा. पैलवान आता मुलांना घेऊन तळ्यावर जातो म्हणे. पीठ चाळणाऱ्या म्हाताऱ्याने बासरी विकत घेतलीये, शेजारी वैतागलेत. तिसऱ्या आठ तासांचं काय करायचं, ते हळूहळू सगळ्यांना सापडलं होतं. फुंकर हे कौतुकाने सांगायचा. मला त्याची सोबत आवडायची, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या वाटचा दिवस मी खातेय, हेही मला दिसत होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

रविवारी शाळा नाही, म्हणून मुलगी डबा घेऊन जरा जास्त वेळ थांबायची. आता ती मोठी झाली होती, झगा सोडून परकर नेसायला लागली होती. बाबा, तळ्यावर जाऊ या ना, आई पण येते म्हणाली, असं ती त्याच्या कानाशी पुटपुटायची. पुढच्या रविवारी, तो म्हणायचा. ती हट्ट करायची नाही. हट्टाला आवाज लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता. रिकामा डबा घेऊन ती निघून जायची आणि फुंकर उगाचच निखारे सारखे करत बसायचा.

एका रविवारी डबा आलाच नाही. मुलीला ताप होता, हे नंतर कळलं. फुंकरने बरीच वाट पाहिली, मग माझ्या पोटात चांगली जाडजूड लाकडं सारली, झाकण लावलं आणि मला म्हणाला, "जेवून आलोच."

घरी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. बायकोकडून ऐकून त्याने नंतर सांगितलं तेवढं मला ठाऊक. बायकोने गरम गरम वाढलं. शेवटचा घास खाल्ला आणि भिंतीला जरा पाठ टेकली, तो तसाच, खरकट्या हाताने झोपी गेला. मुलीने अंथरुणातून पाहिलं आणि आईला म्हणाली, "आई, बाबांना उठव, भट्टी." आईने ओल्या फडक्याने त्याचा हात पुसला, डोक्याखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "आज सवतीला राहू दे उपाशी."

इकडे माझी लाकडं जळून गेली. निखाऱ्यांवर राख चढली, राखेखालचा लालपणा गेला, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या पोटात काळोख झाला. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? गवंड्याचे शब्द मला पाठ होते, पण इतकी वर्षं 'तडा जाईल, तडा जाईल' ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मी तड्याची वाट पाहत राहिले. तो काही आला नाही. उलट वेगळंच घडायला लागलं. डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं कोंडलेला ताप हळूहळू सरकत उजवीकडे गेला, घुमटात चढला, फरशीत उतरला. सगळ्या विटा एकसारख्या उबदार झाल्या. विसावा म्हणतात तो हाच असावा.

पहाटे फुंकर धावत आला. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. त्याने झाकण उघडलं, राख पाहिली आणि खाली बसून लाकडाने राखेत ठिणगी शोधू लागला. मागोमाग पैलवान आला, बाकीचे आले, मालक आले. काय झालंय ते कळायला शब्द लागले नाहीत. मालकांनी कपाळावर हात मारला. पैलवानाने कंदील उचलून माझा घुमट आतून बाहेरून तपासला, वीट न् वीट पाहिली. तडा कुठेच नव्हता.

"हात घालून बघ की," पैलवान म्हणाला.

फुंकरने हात आत घातला आणि झटकन मागे घेतला. मग उठून त्याने मूठभर पीठ माझ्या फरशीवर फेकलं. सगळे वाकून पाहत राहिले. पीठ आधी नुसतंच पांढरं पडून राहिलं, मग कडेने पिवळसर झालं, आणि बघता बघता बदामी. अजून थोडासा जाळ दिला की काम भागणार होतं. त्यांनी तो दिला आणि रोजच्यासारखे पाव भाजले. पाव बाहेर आले तेव्हा फुंकरने डावीकडचा एक उचलला, उलटा करून पाहिला, दुसरा उचलला, तिसरा. एकही करपला नव्हता.

पैलवानाने विचारलं, "मालक, ही विझली तर फुटेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाबा सांगायचे," मालक म्हणाले.

"आणि त्यांना?"

मालकांना ते माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. माझ्याकडे ते असे पाहत होते, जणू मीच त्यांना फसवलं. गल्ल्याकडे वळता वळता ते सवयीने म्हणाले, "नशीब बलवत्तर म्हणून वाचलो. पुढच्या रविवारी काळजी घे रे, फुंकर."

फुंकर हातातल्या पावाकडे पाहत होता. इतक्या वर्षांत त्याने मालकांना कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आवाज चढवलेला तर त्याहून नाही. तेव्हाही त्याने आवाज चढवला नाही.

"मालक," तो म्हणाला, "माझी मुलगी घरात कुजबुजते. मी दिवसा झोपलेला असायचो ना, तेव्हापासून. तिचा आवाज कसा आहे, मला माहीत नाही. बापाला माहीत नाही. मी पुढच्या रविवारी येणार नाही."

आणि तो रडला. भट्टीसमोर बसून डोळ्यांत पाणी येतं ते धुराने येतं, पण त्या दिवशी धूर नव्हता. इतके रविवार गेले, ते कोणाला हवे होते म्हणूनही नाही, नुसते एका अर्धवट आठवलेल्या बोलण्यापायी गेले, याचा त्याला राग आला होता आणि दुःखही झालं होतं. पैलवान त्याच्या शेजारी बसला. ज्याने त्याला सगळ्यात आधी चमचा म्हटलं होतं, तोच मालकांना म्हणाला, "याच्या जागी आमच्यातलाही कोणी येणार नाही."

मालकांनी भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं. त्यांच्या बापाचा शब्द त्या सकाळी खोटा पडला होता आणि ते त्यांना जड जात होतं. मग ते एवढंच म्हणाले, "बरं. शनिवारी विझवून जा." पुढच्या खेपेला छत्रीसाहेब आले तेव्हा त्यांनी परवानगी रद्द केली आणि आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, असंही सांगितलं.

त्यानंतर मी पुष्कळ पाहिलं. कामाचे तास आणखी थोडे उतरले. कुठे कुठे आठवड्याला दोन दिवस सुट्टी मिळू लागली, हे आमच्याकडे पाव घ्यायला येणाऱ्या कारकुनाने सांगितलं, तेव्हा पैलवानाला ती शुद्ध थाप वाटली. म्हातारे मालक गेले, फुंकर गेला. विजेची भट्टी आली. मग पाव इथे भाजायचेच थांबले. आता थोरल्या मालकांचा पणतू इथे बसतो. लांबच्या कारखान्यातून पाव येतात, ते खोक्यांत भरून फोनवर मागवणाऱ्यांच्या घरी जातात. खोकी ठेवायला माझं पोट बरं पडतं, कोरडं आहे म्हणतात.

खोकी भरायला एक मुलगी आहे. ती सातही दिवस येते. परवा तिने पणतूला विचारलं, दादा, एखादा वार सुट्टी मिळेल का? पणतू चांगला आहे, पणजोबांच्या घराण्यातलाच आहे. तो म्हणाला, अगं, मी पण कुठे घेतो सुट्टी? एक दिवस बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटेल, सगळंच बसेल. कायदा अजून आहे, पण या खोलीत तो कोणाला माहीत नाही. मुलीने मान डोलावली आणि चिकटपट्टी ओढली.

पोरी, मला तुझ्याशी बोलता आलं असतं तर एवढंच सांगितलं असतं. थांबलो तर सगळं फुटेल, असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस आणि भांडूही नकोस. तडा नेमका कुठे जाईल ते दाखवा, म्हण. सांगणारा खोटारडाच असतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही कोणीतरी सांगितलेलं असतं आणि त्याने विचारलेलं नसतं. तू विचार. एकटीला जमलं नाही तर खोकी न्यायला दारात गाडी लावून उभी असतात त्या मुलांना बरोबर घे. त्यांनाही आज कुठला वार आहे ते माहीत नसतं.

बाकी माझं म्हणाल, तर लवकरच मला पाडणार आहेत. भिंत सरकवून जागा वाढवायची आहे. मला दुःख नाही. जाता जाता फुंकरच्या पहिल्या काही रविवारांचं मात्र सांगून जाते.

पहिल्या रविवारी तो मागच्या बोळातून चोरासारखा आला. भिंतीवर तळवा टेकवून ऊब पाहिली, गेला, आणि दुपारी पुन्हा येऊन पाहून गेला. दुसऱ्या रविवारी एकदाच आला. रिकामा दिवस अंगाला होत नव्हता बिचाऱ्याच्या. मीही त्याची वाट पाहायचे, कबूल करते. भिंतीपलीकडे पावलं वाजली की वाटायचं, आलाच.

मग एका रविवारी सकाळी समोरच्या रस्त्यावरून तिघं येताना ऐकू आली. तळ्याकडे निघाली असावीत. नव्या चपला चावतायत म्हणून बायको कुरकुरत होती, आणि मुलगी तिला मोठमोठ्याने चिडवत होती, इतक्या मोठ्याने की समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. फुंकर म्हणत होता, "सांगितलं होतं ना, जुन्याच घाल." बेकरीच्या दारापाशी आली तरी त्यांचं चपलांवरून चाललंच होतं. त्यात तो इतका गुंतला होता, की माझ्या दारावरून पुढे निघून गेला. थांबला नाही, वळूनही पाहिलं नाही. मला तो विसरला होता.

मी आतून उबदार होते, स्वस्थ होते. मला फार बरं वाटलं.